तिसऱ्या मजल्याची लाइन

"परत मेलं," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची मागे ढकलून उठल्या. "तिसऱ्यांदा. तारमास्तर, तुम्ही जरा बघता का? हे तुमचं काम नाही, कळतंय मला. पण आता विचारायला दुसरं कोणी उरलेलंच नाही."

तारमास्तर शिडीवर होते. छताची एक फळी सरकवून खांद्यापर्यंत हात आत घातलेला होता. त्यांनी हात बाहेर काढला, खाली उतरले, पँटला हात पुसले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

सव्वीस वर्षांपूर्वी ते या इस्पितळात टेलिफोनच्या तारा ओढायला म्हणून आले आणि राहिले. पुढे टेलिफोनच्या तारा गेल्या, कॉम्प्युटरच्या आल्या. दोन इमारतींच्या नऊ झाल्या. भिंतीच्या आतून, छताच्या वरून, लिफ्टच्या शेजारून जी काही तार जात होती ती एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. कागदोपत्री त्यांचं पद 'केबल सहायक' असं होतं आणि ते पहिल्या दिवसापासून तसंच होतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. इस्पितळात सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम म्हणजे त्यांनी पाहिलेल्या तिसऱ्या विभागप्रमुख. वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि सध्या रडकुंडीला आलेल्या.

कारण तसंच होतं. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या इस्पितळात चोरांनी तारेवरून आत शिरून सगळे कॉम्प्युटर बंद पाडले होते. चार दिवस तिथे शस्त्रक्रिया झाल्या नाहीत. मग वरून आदेश सुटला, की प्रत्येक इस्पितळाने दहा दिवसांत आपलं सगळं नेटवर्क तपासावं आणि कुठल्या यंत्राचे कुठले पोर्ट उघडे आहेत त्याची यादी द्यावी. पोर्ट म्हणजे दार. प्रत्येक यंत्राला अशी पासष्ट हजार दारं असतात आणि त्यातलं नको ते एक उघडं राहिलं तरी चोराला पुरतं. ती ठोकून बघायचं काम स्कॅन नावाचा प्रोग्रॅम करतो. त्यांच्याकडचा स्कॅन मात्र सुरू झाला की गोगलगाय व्हायचा, सर्व्हरची सगळी मेमरी गिळायचा आणि दीड-दोन दिवसांनी मान टाकायचा. दहातले सहा दिवस असेच गेले होते.

"सोळा जीबीची मेमरी बत्तीस केली," मॅडम म्हणाल्या. "तीही खाल्ली. बाहेरचे सल्लागार म्हणतात नवा सर्व्हर घ्या, चौसष्टचा."

तारमास्तर पडद्यासमोर वाकून उभे राहिले. मेमरीची रेघ जिन्यासारखी चढत गेली होती आणि मग सरळ खाली कोसळली होती. त्यांनी ओळी वाचल्या. इंग्रजी त्यांना सावकाश वाचावं लागे, पण आकडे कुठल्याही भाषेत पटकन कळत.

"मॅडम, हा पत्ते किती धरून चाललाय?"

"सगळे. पासष्ट हजार."

"आणि आपली यंत्रं?"

"चारेक हजार असतील."

"मग उरलेल्या एकसष्ट हजार ठिकाणी दार उघडणार कोण? तिथे घरच नाही."

"अहो, पण काही यंत्रं हाक मारली तर ओ देत नाहीत. गप्प बसून राहतात. म्हणून सल्लागारांनी सांगितलं, आधी हाक मारूच नका, सगळे पत्ते जिवंत आहेत असं धरून चला."

तारमास्तर खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते पुन्हा शिडीवर चढलेच नाहीत.

संध्याकाळपर्यंत त्यांना रोग कळला. स्कॅन प्रत्येक मोकळ्या जागेसमोर उभा राहून पासष्ट हजार वेळा ठोकत होता. उत्तर नाही म्हणून थांबत होता आणि परत ठोकत होता. चार हजार पत्ते एकाच वेळी हातात घेत होता. त्या चार हजारांतलं शेवटचं दार होईपर्यंत कागदावर एक अक्षर लिहीत नव्हता, सगळं डोक्यात धरून बसत होता.

"पोस्टमनच्या डोक्यावर चार हजार घरांची पत्रं दिलीत," ते मॅडमना म्हणाले, "आणि वर बजावलंत, की शेवटचं पोचेपर्यंत पहिलं खाली ठेवायचं नाही. मान मोडणारच की हो त्याची. मोठा पोस्टमन आणून काय होणार?"

मॅडम सहा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "मग करायचं काय?"

"गप्प बसणारं यंत्र हाकेला ओ देत नसेल, पण तारेवर बोलल्याशिवाय त्याचं चालत नाही. ते बोललं की ज्या स्विचमध्ये त्याची तार येते त्याला कळतं. आपण स्विचला विचारू, बाबा रे, तुझ्याकडे कोण कोण बोलतं."

एकशेचाळीस स्विच होते. दोन दिवस तारमास्तरांनी एकेका स्विचची यादी काढली आणि आपल्या हाताने लिहिलेल्या जुन्या वह्यांशी ताडून पाहिली. यंत्रं निघाली तीन हजार आठशे एक्काहत्तर. ती त्यांनी चौसष्ट-चौसष्टच्या तुकड्यांत वाटली. उत्तर आलं नाही तर एकदाच परत ठोकायचं. आधी नेहमीच्या वापरातली हजार दारं बघायची, काही संशयास्पद दिसलं तरच त्या यंत्राची उरलेली. आणि तुकडी संपली की लगेच फाइलमध्ये लिहून मोकळं व्हायचं. पहिली तुकडी त्यांनी सोडली. सव्वातीन मिनिटांत संपली. मेमरीची रेघ जमिनीला चिकटून पडून राहिली होती.

मॅडमनी त्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला सगळं सोडू. एक वाजता संचालकांची बैठक आहे. तिथे तुम्ही सांगायचं."

"मी?"

"तुम्हीच. आणि हे बघा." त्यांनी एक कागद पुढे केला. तारमास्तरांना नेटवर्क पर्यवेक्षक करावं अशी शिफारस होती. "सकाळीच वर पाठवतेय."

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. घरी गेल्यावर बायकोला शर्टाला इस्त्री करून ठेव म्हणाले. बायको बालवाडीत शिकवायची. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपणहून इस्त्रीचा शर्ट मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. "कुणाचं लग्न ठरलंय?" तिने विचारलं. "माझं," ते म्हणाले, आणि दोघं खूप हसली.

दुसऱ्या दिवशी सव्वाबारापर्यंत साठ तुकड्या झाल्या होत्या. राहिली होती एक. तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या कक्षाची एकतीस यंत्रं तारमास्तरांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती जुनी होती, हळू उत्तर देत, आणि त्यांचा कल बघून स्कॅनही आपोआप हळू झाला होता. पडद्यावर आकडा होता दहा टक्के. या चालीने अजून दोन तास लागले असते.

मॅडम दोनदा दारात डोकावून गेल्या. दोन्ही वेळा घड्याळाकडे बघितलं.

अकरा वर्षांपूर्वी ती लाइन तारमास्तरांनीच ओढली होती. बाळांच्या पेट्यांजवळचे मॉनिटर एका डब्याला जोडलेले होते आणि त्या डब्यातून सगळे आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर जात. डबा बसवायला आलेला कंपनीचा मेकॅनिक जाताना म्हणाला होता, "याला घाई चालत नाही हं. गर्दी झाली की गोंधळतो." हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. अगदी नीट, त्याच्या आवाजासकट आठवलं. पण अकरा वर्षांत असं कधी काही झालं नव्हतं. पंधरा मिनिटांचा प्रश्न होता. आणि वर एका खोलीत माणसं त्यांची वाट बघत होती, हे तर उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बारा वाजून सोळा मिनिटांनी त्यांनी वेग वाढवला. आकडा सरसर चढू लागला. तीस. पंचावन्न. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

बारा चोवीसला फोन वाजला. नवजात कक्षाच्या मोठ्या सिस्टर होत्या. तीस वर्षं त्याच मजल्यावर काढलेल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नव्हता.

"तारमास्तर, आमच्या लाइनवर काही करताय का?"

"का हो सिस्टर?"

"आकडे हलत नाहीयेत."

दोन बटणं दाबून त्यांनी स्कॅन मारला आणि लिफ्टकडे न बघता जिन्याने धावत सुटले. चोपन्नाव्या वर्षी तीन मजले. कक्षाच्या दारापाशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

आत बारा पेट्या होत्या. प्रत्येक पेटीजवळचा छोटा मॉनिटर इशारा द्यायचा, पण बाळं दचकू नयेत म्हणून त्याचा आवाज अगदी बारीक ठेवलेला असे. मोठ्याने वाजायचा तो टेबलावरचा पडदा. आणि तो पडदा थिजून, सगळं काही छान आहे असं दाखवत गप्प बसला होता. प्रत्येक पेटीजवळ कोणी ना कोणी नर्स उभी होती. मोठ्या सिस्टर चौथ्या पेटीजवळ वाकल्या होत्या. झडपेतून आत घातलेल्या हाताच्या एका बोटाने त्या बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत होत्या. बाळ सव्वा किलोचं असेल. ओठांचा रंग पाटीवर पुसलेल्या खडूसारखा झाला होता.

एक टिचकी. अजून एक. मग त्या एवढ्याशा छातीत काहीतरी हललं आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. सिस्टर सरळ उभ्या राहिल्या.

"विसरतात श्वास घ्यायला," त्या म्हणाल्या. "आठवण करून द्यावी लागते."

तारमास्तरांनी भिंतीतलं कपाट उघडलं, डबा बंद केला, दहा अंक मोजले, चालू केला. टेबलावरचा पडदा काळा होऊन परत उजळला आणि आकडे हलायला लागले.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं चौथ्याचा ऑक्सिजन शहाण्णव म्हणजे शहाण्णवच. इतकी शहाणी बाळं मी तीस वर्षांत पाहिली नाहीत." मग त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचंच काही होतं का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या तापाच्या रुग्णाकडे बघावं तसं. "बरं. आता जा. नंतर बोलू."

तेवढ्यात शेजारच्या खोलीत दूध काढायला गेलेली बाळाची आई परत आली. पोरगेलीच होती, पायात इस्पितळाच्या सपाता. उघडं कपाट आणि समोर धापा टाकत उभा असलेला माणूस बघून ती घाबरली. "मशीन बिघडलं होतं का हो?" तिने विचारलं, आणि पेटीतल्या रडणाऱ्या बाळाकडे बघून तिच्या जिवात जीव आला. "बरं झालं, तुम्ही लगेच धावत आलात."

तारमास्तरांनी कपाट बंद केलं. मग ते बाहेर पडले.

बैठकीला ते गेले नाहीत. मॅडमनी एकट्यांनीच यादी दाखवली, संचालकांनी वाहवा केली. तीन वाजता मॅडम खोलीत आल्या तेव्हा तारमास्तर बंद पडद्यासमोर बसून होते. मॅडमच्या हातात नवजात कक्षाकडून आलेली चिठ्ठी होती.

"बाळ ठीक आहे, मी विचारलं," मॅडम म्हणाल्या. "डबा जुनाच आहे हो. अकरा वर्षांचा. लटकला. कागदावर तसंच जाईल. तुम्ही फक्त खाली सही करा."

"लटकला नाही, मॅडम. मी लटकवला. वेग वाढवला मी."

मॅडमनी दार लोटलं. "हे कुणाला माहीत आहे?"

"मला. सिस्टरनाही."

"तारमास्तर, ऐका. शिफारस वर गेलीय. त्यावर हे गेलं तर ती कचऱ्यात जाईल. शिवाय चौकशी. सव्वीस वर्षांची स्वच्छ नोकरी आहे तुमची." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू? एक वाजताची घाई माझी होती. मीच दहादा येऊन घड्याळ बघत होते."

"दोनदाच आलात. घाई तुमची असेल. बटण माझं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला माहीत नसतं ना, तर मीही म्हटलं असतं, जुना डबा, लटकला. पण मला माहीत होतं. सांगितलेलं होतं मला. तरी मी दाबलं."

मॅडमनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून दिला. तारमास्तरांनी अर्धं पान लिहिलं. बारा सोळाला वेग वाढवला, बारा चोवीसला फोन आला, लाइन नाजूक आहे याची मला पूर्वकल्पना होती. 'पूर्वकल्पना' हा शब्द मॅडमनी सुचवला. त्यांनी आधी 'मला ठाऊक होतं' असं लिहिलं होतं. ते खोडून वरती नवा शब्द लिहिला, मग तोही खोडला आणि परत 'मला ठाऊक होतं' असं लिहिलं.

घरी बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ते दारातच उभे राहून सगळं सांगत गेले. ती एक टॉवेल हातात धरून ऐकत राहिली.

"बाळ कसं आहे?" तिने विचारलं.

"बरं आहे. निघताना परत जाऊन बघून आलो."

"मग उद्याही जाऊन बघा." तिने टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला. "आणि तो शर्ट काढा आता. घामाने भिजलाय पार."

पर्यवेक्षकपदाबद्दल तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढेही कधी नाही.

चौकशी तीन माणसांची होती आणि दोन बैठकांत संपली. शिफारस परत आली. नोंदवहीत ताकीद लिहिली गेली. त्यांनी स्कॅनला हात लावायचा नाही असं ठरलं, ते काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं. कंपनीच्या माणसांनी तारमास्तरांची सगळी मांडणी मागून घेतली. त्यांनी चार पानं लिहून दिली. पहिल्याच ओळीत लिहिलं, की तिसऱ्या मजल्याची लाइन यात घ्यायची नाही. ती मोठ्या सिस्टरना विचारून, त्या म्हणतील त्या वेळी, एकेक यंत्र करून बघायची, आणि तेवढा वेळ प्रत्येक पेटीजवळ माणूस उभा हवा. कंपनीने ती ओळ तशीच ठेवली. त्याखालची त्यांची सही तेवढी वगळली.

नवजात कक्षाला नवा डबा आणि बाकीच्या नेटवर्कपासून वेगळी तार द्यायचं मंजूर झालं. ती ओढायला मात्र तारमास्तरांनाच बोलवावं लागलं. त्या छतावरून काय काय गेलंय ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

पाच आठवड्यांनी ते तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात शिडीवर होते. खालून आवाज आला.

"तुम्हीच ना ते? त्या दिवशी मशीन दुरुस्त करायला धावत आलेले?"

बाळाची आई होती. खांद्याला पिशवी, दोन्ही हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. घरी निघाली होती. नवरा खाली गाडी बघायला गेला होता. ती मोकळं हसत होती. "दोन किलो झाला. म्हटलं, तुम्हाला दाखवून जावं."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तारमास्तर शिडीवरून खाली उतरले.

"ताई, मी दुरुस्त करायला नव्हतो आलो. तुम्हाला इस्पितळाकडून पत्र आलं असेल."

"आलंय ना. 'तांत्रिक व्यत्यय' असं काहीतरी होतं."

"तो व्यत्यय म्हणजे मी. खाली बसून एक काम करत होतो, घाई केली. ही लाइन नाजूक आहे हे ठाऊक असून घाई केली. त्याने सिस्टरच्या टेबलावरचा पडदा थिजला. म्हणून तुमच्या बाळाचा श्वास थांबल्याचं कुणाला लगेच कळलं नाही."

तिचं हसू हळूहळू मावळलं. बाळ झोपेत तोंड वाकडं करून परत शांत झालं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दोन मिनिटं. अडीच असतील."

"सिस्टर होत्या म्हणून..."

"हो. सिस्टर होत्या म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. व्हरांड्यातून एक ट्रॉली खडखडत वळणापलीकडे गेली.

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर हात उचलला असता मी तुमच्यावर."

"उचलायलाच हवा होता."

तिने खाली दुपट्याकडे पाहिलं. "आता हात मोकळे नाहीत," ती म्हणाली.

ती वळून चालू लागली. व्हरांड्याच्या टोकाचं दार जड होतं आणि आपल्याकडे ओढायचं होतं. ते तिला एकटीला उघडणार नव्हतं. तारमास्तर तिला ओलांडून पुढे गेले. त्यांचे हात कोपरापर्यंत छताच्या चुन्याने पांढरे झाले होते, म्हणून दार मनगटाने ओढून त्यांनी ते पाठीवर तोलून धरलं आणि हात मागे घेऊन भिंतीला चिकटून उभे राहिले. ती समोर बघत, पावलं जपून टाकत, त्यांच्या पुढून निघून गेली. जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. तो थांबला तेव्हा त्यांनी दार सोडलं, पण एकदम नाही. बाळांची झोपायची वेळ होती. पाठीनेच आधार देत, जराही वाजू न देता, त्यांनी ते मिटू दिलं.